तालुक्याच्या गावचं युद्धस्मारक: नावं, दगड, झेंडा आणि कागदपत्रं

माळावरचा
राम राम मंडळी. आमच्या तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेनं युद्धस्मारक उभारायचं ठरवलं आहे. जागा नगरपरिषदेच्या बागेचा कोपरा, १२ × ९ मीटर. माती काळी, मुरूम दोन मीटरवर लागतो. कच्च्या आराखड्यात मधोमध साडेचार मीटरचा स्तंभ, त्यापुढे उलटी रायफल आणि हेल्मेट, मागे नावांची भिंत आणि बाजूला ध्वजस्तंभ आहे. काही सभासदांना शंभर फुटी झेंडा आणि अखंड ज्योतही हवी आहे. १९१४ पासूनची ३८ नावं जमली आहेत, पण त्यातली सगळी पक्की नाहीत. ज्यांनी अशी कामं पार पाडली आहेत त्यांनी कृपया मोजमापांसकट लिहावं. कुठे काय बिघडतं तेही हवं आहे.

अर्जदार
कागदपत्रांपासून सुरुवात करा, दगडाची ऑर्डर नंतर द्या.

बागेचा कोपरा असला तरी आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि विकास आराखड्याचा उतारा काढा. त्या कोपऱ्यातून रस्तारुंदीकरणाची रेषा जाते का ते नगररचना विभागाकडून लेखी घ्या. रस्ता, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. त्यामुळे 'चौकात उभारू, दिमाखदार दिसेल' हा विचार पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवा. तुम्ही बाग निवडलीत हे चांगलं केलंत.

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. त्यात जागेचं माप, चतुःसीमा, वीज आणि पाणी कोण देणार, साफसफाई कोण करणार, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे सगळं यायला हवं. नुसतं 'स्मारकास जागा देण्यास मंजुरी' एवढंच लिहिलं, तर दोन वर्षांनी वीजबिल कोणी भरायचं यावर घोडं अडतं आणि स्मारक अंधारात राहतं.

सैनिकाचा पूर्णाकृती पुतळा घेतलात तर मार्ग लांबतो. मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शिवाय पोलिसांचा अभिप्राय. स्तंभ आणि नामफलक यांना एवढा व्याप नाही. माझं मत स्तंभाच्या बाजूनं आहे.

संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर कार्यकारिणी बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांत गेलेला आहे का ते पाहा. जुने बदल अर्ज प्रलंबित असले की बँक स्मारकासाठी वेगळं खातं उघडताना खोळंबा करते. स्थानिक विकास निधीची आशा असेल, तर तो स्मारकाला चालतो का हे जिल्हा नियोजन कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर पाया खणू नका.

अजून एक. फलकावर राजमुद्रा, म्हणजे चार सिंह, कोरायचा मोह सगळ्यांना होतो. २००५ च्या कायद्यानं खासगी संस्थेला ती वापरता येत नाही. रेजिमेंटचं चिन्ह वापरायचं असेल तर त्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून परवानगी घ्या.

रेकॉर्ड_हवालदार
जय हिंद. जागा, दगड, झेंडा हे सगळं पैशानं दुरुस्त करता येतं. चुकलेलं किंवा राहून गेलेलं नाव त्या घरासाठी भरून निघत नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ नावांवर घालवा.

प्रत्येक नावाचा एक स्वतंत्र कागद करा. त्यावर सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, मृत्यूची तारीख, ठिकाण, ऑपरेशन आणि गाव. यातलं जे लेखी पुराव्यानं मिळालं त्यापुढे पुरावा लिहा, बाकीचं कोरं ठेवा. सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. वीरनारी आणि वीरमाता-पित्यांची यादी तिथे असते. तिथे न मिळालेल्यांसाठी रेकॉर्ड ऑफिसला संघटनेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा: मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार सागर, तोफखाना नाशिकरोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल्स जबलपूर, ईएमई (लष्कराचं यांत्रिक दुरुस्ती दल) सिकंदराबाद, गार्ड्स कामठी, रणगाडा दल अहिल्यानगर. पत्र जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या सहीनं गेलं तर उत्तर लवकर येतं. सेवा क्रमांक नसेल तर शोध जवळपास अशक्य होतो. तो घरच्यांकडे पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर, किंवा पदकाच्या कडेवर सापडतो. पदकाची कड भिंगातून बघा, क्रमांक, हुद्दा आणि नाव तिथे बारीक कोरलेलं असतं.

आता नेहमीच्या चुका.

रेकॉर्डमधलं नाव इंग्रजीत असतं आणि तिथून ते मराठीत येताना ल-ळ हमखास फसतात. पोळ की पोल, गोळे की गोले, माने की मने, हे इंग्रजी स्पेलिंगवरून कळत नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा घरच्यांची सही पाहिल्याशिवाय आडनाव नक्की करू नका. रेकॉर्डला वडिलांचं नाव मधे नसतं, गावात मात्र त्याशिवाय ओळख पटत नाही. एकाच गावात दोन मारुती जाधव असणं काही नवल नाही.

हुद्दा सरसकट 'जवान' लिहू नका. तोफखान्यात गनर, सॅपर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ईएमईत क्राफ्ट्समन, रणगाडा दलात सवार आणि दफेदार. दफेदाराला 'सुधारून' हवालदार करणारे फलक दिसतात, ते चूक आहे. १९६५ पूर्वीचा जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, पण फलकावर जमादारच ठेवा. मृत्यूच्या दिवशी जो हुद्दा आणि पलटणीचं जे नाव होतं तेच कोरायचं.

ऑपरेशनच्या नावापुढे साल हवंच. 'ऑपरेशन विजय' म्हणजे १९६१ चा गोवा आणि १९९९ चं कारगिलही. १९७१ च्या नोंदी 'कॅक्टस लिली' नावाखाली येतात, श्रीलंकेच्या 'पवन', सियाचीनच्या 'मेघदूत', काश्मीरमधल्या बऱ्याचशा 'रक्षक'.

ओळ कशी असावी याचा सार्वजनिक नोंदीतला नमुना देतो: 'नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटली, गाव पळसगाव'. एवढं पुरे. 'शूरवीर', 'महान' अशी विशेषणं ओळीत नकोत. एकाला लावलं की सगळ्यांना लावावं लागतं, आणि दगडावर जागा मोजकी असते.

माळावरचा
फार उपयोगी, हवालदारसाहेब. पहिल्या महायुद्धातली अकरा नावं फक्त गावोगावच्या तोंडी माहितीवर आहेत. ती कशी पडताळायची?

कृष्णाकाठ
तालुक्यात जुनी पाटी आहे का आधी बघा. शाळा, चावडी, देवळाची ओवरी, जुनी धर्मशाळा, इथे इंग्रजांनी संगमरवरी पाट्या बसवल्या होत्या. मजकूर ठरावीक असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. म्हणजे आकडा मिळतो, नाव मिळत नाही. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत ४६ जणांची नोंद आहे, ती याच युद्धाची.

नावासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी संगणकावर फुकट बघता येते. आडनावानं शोधू नका, कारण हिंदी शिपायांची नोंद बहुधा पहिल्या नावानं आहे आणि स्पेलिंग मनाला येईल तसं. पलटण आणि साल टाकून शोधा, मग जादा माहितीच्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा बघा. मेसोपोटेमियात गेलेल्या ११०व्या आणि ११७व्या मराठा पलटणींपासून सुरुवात करा, आपल्या भागातले बरेच तिथे होते. बसरा स्मारकाच्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणवार आकडेच आहेत. त्यामुळे भिंतीच्या फोटोत नाव नाही म्हणून घरच्यांना 'नोंद नाही' असं सांगू नका.

जिल्हा बघताना जुना नकाशा समोर ठेवा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात. कोल्हापूर, औंध, फलटण, जत, सावंतवाडी ही संस्थानं, त्यामुळे नोंदीत जिल्ह्याऐवजी संस्थान असतं. आणि वडगाव, पिंपरी अशी गावं प्रत्येक तालुक्यात आहेत. तालुका जुळल्याशिवाय नाव धरायचं नाही.

पडताळणी झाली नाही तर? त्या गावाच्या जुन्या पाटीवरचा आकडा तसाच कोरा: 'अमुक गाव, १९१४–१९१९, ३ जण'. पुरावा मिळाला की नाव लावता येईल. अंदाजानं नाव कोरण्यापेक्षा हे सरळ आहे.

जुनी पाटी सापडलीच तर तिला हात लावताना जपा. संगमरवराला ॲसिड चालत नाही, दगड विरघळून अक्षरांच्या कडा जातात. बऱ्याच पाट्यांवर ऑइलपेंटचे थर आहेत. ते तारेच्या ब्रशनं किंवा प्रेशरच्या पाण्यानं काढू नका. पेंट रिमूव्हर एका कोपऱ्यावर लावून बघा, लाकडी पट्टीनं उचला, मग साधं पाणी आणि मऊ ब्रश. पाटी आहे तिथेच राहू द्या. नव्या स्मारकात हलवायच्या नादात ती फुटते, आणि त्या गावाचा हक्कही जातो.

सिग्नल_नायक
नावं हुद्द्याप्रमाणे लावावीत असं आमच्याकडे ज्येष्ठांचं म्हणणं पडलं. अधिकारी वर, शिपाई खाली. यावर काय मत?

रेकॉर्ड_हवालदार
तारखेप्रमाणे लावा. कॉमनवेल्थच्या दफनभूमींतही, अगदी आपल्या खडकीतसुद्धा, हुद्द्यावरून दगड लहान-मोठा होत नाही. तारखेचा व्यवहारी फायदाही आहे: पुढे नाव वाढलं तर ते आपोआप शेवटी येतं. हुद्द्याप्रमाणे किंवा आडनावाप्रमाणे लावलेल्या भिंतीत नवं नाव घालायला अख्खा फलक बदलावा लागतो.

विदर्भ_कट्टा
लढाईत पडलेले आणि सेवेत असताना अपघातानं किंवा आजारानं गेलेले, हे एकाच भिंतीवर घ्यायचे का? आणि सीआरपीएफ, बीएसएफ, पोलीस? गावात भांडण इथेच लागतं.

रेकॉर्ड_हवालदार
लष्करात २००३ च्या आदेशानुसार बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत किंवा कारवाईत गेलेले) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (सेवेत असताना इतर कारणांनी गेलेले) अशी विभागणी आहे. कोणाची नोंद कशात झाली ते रेकॉर्ड ऑफिसचं पत्र सांगतं. समितीनं चहाच्या कपावर ते ठरवू नये. मुख्य भिंतीवर बॅटल कॅज्युअल्टी, आणि सेवेत निधन पावलेल्यांसाठी त्याच मापाचा, त्याच अक्षराचा वेगळा फलक, 'सेवेत असताना निधन' अशा शीर्षकाखाली. माप सारखं ठेवलं की घरच्यांना दुजाभाव वाटत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ आणि पोलिसांची नावं घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. गडचिरोलीच्या जंगलात पडलेला मुलगा त्याच तालुक्याचा असतो. दलाचं नाव ओळीत स्पष्ट लिहा, म्हणजे प्रश्न उरत नाही. पण निकष आधी लेखी ठरवा आणि आमसभेत मंजूर करून घ्या, नावं त्यानंतर वाचा. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक निकष कोणाच्या तरी नावावरून ठरवला जातो.

टाकीवाला
आता दगडाबद्दल.

नावांसाठी काळा ग्रॅनाइट घ्या, ३० मिलिमीटर जाडीचा. १८-२० मिलिमीटरची लादी फरशीसाठी असते. तिला मागून पिन घालायला भोक पाडलं की समोरचा कपचा उडतो. बाजारात करडा ग्रॅनाइट तेल किंवा रंग पाजून काळा करून विकतात. दीड-दोन उन्हाळ्यात तो राखाडी पडतो आणि फलकागणिक वेगळा दिसतो. घेण्याआधी पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन मागची, पॉलिश न केलेली बाजू घासा. फडकं काळं झालं तर माल परत. सगळे फलक एकाच ब्लॉकमधून कापून घ्या.

कोरण्याच्या तीन तऱ्हा. लेझरनं फक्त पॉलिश उडून पांढरी रेघ येते, खोली जवळजवळ नाही. ती सावलीत छान दिसते, उन्हापावसात आणि हार-फुलांच्या घासण्यानं पुसट होते. उघड्यावरच्या स्मारकाला लेझर नको. सँडब्लास्टिंगमध्ये व्हिनाइलचं स्टेन्सिल चिकटवून वाळूचा मारा करतात. खोली २ ते ३ मिलिमीटर मागा आणि करारात लिहा, नाहीतर अर्ध्या मिलिमीटरवर काम उरकतात. हातानं टाकीनं कोरलेलं अक्षर सगळ्यात टिकाऊ. ग्रॅनाइटवर ते महाग आणि संथ, बेसाल्टवर मात्र अजून चांगले कारागीर मिळतात. स्तंभाच्या पायथ्याची एक ओळ तरी हातानं कोरून घ्या.

खोली मोजायला व्हर्नियरची शेपटी अक्षरात घाला. प्रत्येक फलकावर चार कोपरे आणि मध्य, अशी पाच अक्षरं. कडेच्या अक्षरांना मारा कमी बसतो.

अक्षराची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत २५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे दोन मीटरवरून म्हाताऱ्या डोळ्यांनाही वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यानं दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या सव्वादोन पट लागतं, साधारण ५५ मिलिमीटर. ९०० × ६०० च्या आडव्या फलकावर वर-खाली ६० चा हाशिया सोडला की आठ ओळी बसतात. ३८ नावांना पाच फलक झाले. दोन कोरे फलक आत्ताच भिंतीवर बसवा. कोरा फलक पुढे उतरवून कारखान्यात नेता यावा म्हणून त्यामागचं फिक्सिंग सुटं ठेवा.

अक्षरात सोनेरी रंग भरू नका. दोन-तीन वर्षांत तो उडतो आणि अर्ध्या अक्षरात उरतो. पांढरं किंवा फिकट राखाडी इनॅमल टिकतं जास्त आणि पुन्हा भरायला सोपं. २-३ मिलिमीटर खोली असेल तर रंग गेला तरी सावलीनं वाचता येतं. पितळी अक्षरं चिकटवू नका, ती चोरीला जातात.

मुद्रित
टाकीवाल्यांच्या मुद्द्याला जोडून. स्टेन्सिल कापणाऱ्याकडे जुना फॉन्ट असतो आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्यात उतरवताना अक्षरं फुटतात. जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते. सगळ्यात वाईट हाल ऱ्ह-ऱ्या चे. कऱ्हाडचं 'कर्हाड' आणि गोऱ्हेंचं 'गोर्हे' होतं. हिंदी वळणाचा ल आणि श येतो तो वेगळाच.

उपाय असा: मजकूर आपल्या विश्वासाच्या डीटीपीवाल्याकडून जुळवून घ्या, सगळी अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या रेषाकृतीत) बदलून पीडीएफ द्या आणि कापणाऱ्याला टायपिंग करूच देऊ नका. मग प्रत्येक फलकाची खऱ्या मापाची छापील प्रत काढा आणि ती सैनिक कल्याण कार्यालयात, नगरपरिषदेत आणि त्या-त्या ग्रामपंचायतीत १५ दिवस लावा. प्रत्येक घरातून आपल्या ओळीवर सही घ्या. स्टेन्सिल दगडावर चिकटल्यावर, वाळू मारण्याच्या आधी, दोन माणसांनी पुन्हा वाचायचं, एकानं उलट्या क्रमानं. अर्थाच्या ओघात वाचलं की डोळा चूक सुधारून पुढे जातो. अनुस्वाराचा बारीक ठिपका स्टेन्सिल सोलताना सोबत निघून येतो, म्हणून ठिपके बोटानं मोजा. 'शिंदे' चं 'शिदे' झालेलं वाळू मारल्यावर कळून उपयोग नाही.

स्थापत्य_२२
काळ्या मातीत दोन मीटरवर मुरूम म्हणजे उथळ पाया विसरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि स्तंभ एका बाजूला कलतो. भिंत लांब आणि हलकी असल्यानं तिला आधी तडा जातो.

स्तंभाखाली माती मुरुमापर्यंत, त्यातही ३०० मिलिमीटर आत काढा. १५० मिलिमीटर पीसीसी (बिनगजाचं काँक्रीट), त्यावर एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचं आरसीसी (गजाचं) फुटिंग, गजाखाली ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. भिंतीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, स्वस्त पडतात, साडेतीन मीटर खोल, वर प्लिंथ बीम. बीमखाली मातीला न टेकता थोडी पोकळी ठेवायची, नाहीतर फुगणारी माती बीमलाच वर ढकलते. चौथऱ्याच्या आतली माती काढून मुरूम भरा, २०० मिलिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. घाईत एकदम भरलेला चौथरा पहिल्या पावसात बसतो आणि फरशी हलते.

वाऱ्याचं गणित आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानं. पुणे-नाशिक पट्ट्यात मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४. स्थैर्य प्रमाणपत्र नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच घ्या.

आता दगड बसवणं. ९०० × ६०० × ३० चा फलक जवळजवळ ४४ किलो भरतो. तो नुसत्या सिमेंट मॉर्टरवर चिकटवू नका. मॉर्टर आणि पॉलिश दगडाची पकड वर्षा-दोन वर्षांत सुटते, आणि मागे मुरलेलं पाणी सिमेंटमधला क्षार घेऊन अक्षरांतून पांढरं फुटतं. प्रत्येक फलकाला स्टेनलेस स्टीलचे चार क्लॅम्प, दोन खाली वजन पेलायला, दोन वर धरून ठेवायला. मागे २५-३० मिलिमीटर हवा खेळती, खाली पाणी निघायला फट. साध्या लोखंडी पिना वापरल्या तर गंज फुगतो आणि ग्रॅनाइट कोपऱ्यातून फुटतो. सांध्यात न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. आंबट वास येणारं साधं सिलिकॉन दगडात शोषलं जाऊन कडेला तेलकट पट्टा उमटतो, तो नंतर निघत नाही.

तळकोकण
कोकणात आणि गोव्याकडे असाल तर क्लॅम्प ३१६ ग्रेडचेच, ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. चौथरा जांभ्याचा चालतो, पण नावांच्या भिंतीला थेट जांभा नको. तो पाणी धरतो, शेवाळ दगडावर चढतं.

निळी_टोपी
झेंड्याबद्दल लिहितो.

शंभर फुटी खांबाला माझा विरोध आहे. इतक्या उंचीवर ३० × २० फुटी झेंडा लागतो. वारा तो काही आठवड्यांत कडेनं फाडतो, आणि फाटलेला झेंडा एक दिवसही फडकवता येत नाही. म्हणजे वर्षाला अनेक झेंडे, दर वेळी उतरवायला मोटर आणि माणूस, रात्रीचे दिवे आणि वीज. उद्घाटनाच्या वर्षी वर्गणी असते. तिसऱ्या वर्षी खांब रिकामा दिसतो.

९ मीटरचा खांब घ्या. झेंडा १८०० × १२०० मिलिमीटरचा, हे ध्वजसंहितेतलं एक अधिकृत माप आहे. प्रमाण ३:२. कमी-जास्त मापाचा शिवून घेऊ नका. हातानं किंवा मशीननं विणलेला, सुती, लोकर, रेशीम, खादी किंवा पॉलिस्टर, सगळे चालतात, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून. जुलै २०२२ पासून दिवस-रात्र ठेवता येतो. तरी रोज सकाळी चढवून संध्याकाळी उतरवणारा माणूस मिळत असेल तर ते सगळ्यात चांगलं, कापडही जास्त टिकतं. दोन झेंडे कपाटात कायम हवेत.

खांबाच्या तळाला बेस प्लेट आणि एम-२४ चे चार जे-बोल्ट काँक्रीटमध्येच ओतलेले असावेत. नंतर ड्रिल करून बसवलेले अँकर ढिले पडतात. तडितरोधकाचा अर्थिंग खड्डा वेगळा, लोक उभे राहतात त्या जागेपासून लांब.

राष्ट्रध्वजाच्या उंचीला किंवा बरोबरीनं संघटनेचा झेंडा लावू नका. अनावरणाला स्मारक तिरंग्यानं झाकायचं नाही, साधं पांढरं किंवा भगवं कापड वापरा. आपल्या मनानं झेंडा अर्ध्यावर आणायचा नाही, ते फक्त सरकारी आदेशानं होतं.

टाकीवाला
ज्योत आणि रायफल यावर दोन शब्द. अखंड ज्योतीचा बर्नर ताशी ३०० ग्रॅम गॅस खातो असं धरलं तरी १९ किलोचा सिलिंडर अडीच दिवसांत संपतो. शिवाय वाऱ्यानं विझलेल्या ज्योतीतून गॅस गळत राहतो. बर्नर बसवा, पण झडप कुलपात ठेवून फक्त कार्यक्रमाला पेटवा. रायफल खरी मिळत नाही आणि ठेवताही येत नाही. कांस्य किंवा स्टेनलेसची प्रतिकृती करा. फायबरला कांस्य रंग मारलेली नको, उन्हात तडकते. नमुना ७.६२ एसएलआरचा (लष्करातल्या जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलचा) घ्या, संगीन खाली. प्रतिकृती करणाऱ्याला फोटोऐवजी मापांचं चित्र द्या, नाहीतर मॅगझिन आणि दस्त्याचं प्रमाण चुकतं, आणि माजी सैनिकाच्या डोळ्यांना ते पहिल्याच नजरेत खुपतं.

विदर्भ_कट्टा
निवृत्त रणगाडा मागायचा विचार असेल तर वजन आधी मोजा. टी-५५ म्हणजे ३६ टन. आणायचा खर्च आपला, आणि बागेच्या रस्त्यावरचा मोरीपूल तेवढं वजन घेईल का ते बघा. १२ × ९ च्या जागेत तो नावांच्या भिंतीला झाकून टाकेल, म्हणून मी नको म्हणेन.

कृष्णाकाठ
फरशीचा विचार कार्यक्रमांच्या तारखा बघून करा. २६ जुलै आणि १५ ऑगस्ट भर पावसात येतात, लोक चपला काढून चढतात, आणि पॉलिश ग्रॅनाइटवर वयस्क माणसं घसरतात. फ्लेम फिनिश (ज्वाळेनं खरबरीत केलेला) ग्रॅनाइट किंवा खरबरीत शहाबादी घ्या, मीटरला एक सेंटीमीटर उतार. काळी फरशी नको, १ मेला अनवाणी पाय भाजतात. ३०० मिलिमीटर उंच चौथऱ्याला १:१२ नं ३.६ मीटर रॅम्प लागतो, कठड्यासकट. वीरमातांची वयं बघता रॅम्प पहिल्याच आराखड्यात हवा.

लोक हळद-कुंकू वाहणार, नारळ फोडणार, पणती लावणार. त्यांना अडवू नये. त्यासाठी भिंतीपासून मीटरभर पुढे एक बुटका बेसाल्टचा दगड ठेवा, पणतीला खोबण आणि पाणी जायला पन्हळ असलेला. पुष्पचक्रासाठी लोखंडी स्टँड चार. तेलाचा डाग ग्रॅनाइटमध्ये मुरलाच तर चिनी मातीची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून थापा, वर प्लास्टिक, २४ तासांनी काढा, दोन-तीनदा करावं लागतं.

कार्यक्रमात लास्ट पोस्ट ही बिगुलाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, मग राउझ ही दुसरी धून. बिगुलवाला मिळाला नाही तर ध्वनिमुद्रण चालतं, पण आदल्या दिवशी त्याच स्पीकरवर वाजवून बघा. पुष्पचक्राचा मान आधी वीरनारी आणि वीरमाता-पित्यांना, मग पाहुण्यांना. हे निमंत्रणपत्रिकेतच छापा, म्हणजे मंचावर ओढाताण होत नाही.

अर्जदार
देणगीदार आणि उद्घाटकांची पाटी प्रवेशाजवळ, ६०० × ४५० पेक्षा मोठी नको. नावांच्या भिंतीवर किंवा स्तंभावर ती लावणार नाही, हे ठरावात घाला.

माळावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. शंभर फुटी खांब आणि अखंड ज्योत रद्द करायचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडतो, नावांचे निकष आमसभेत ठेवतो. एक शेवटची शंका: दोन कोरे फलक भिंतीवर बसवले तर लोक 'हे कोणासाठी राखून ठेवलेत' असं विचारतील. घरच्यांना ते अशुभ वाटणार नाही का?

रेकॉर्ड_हवालदार
वाटू शकतं, आणि तो आक्षेप रास्त आहे. मग ते भिंतीवर बसवू नका. त्याच ब्लॉकचे दोन फलक पॉलिश करून, मागची भोकं पाडून, फोम लावलेल्या लाकडी खोक्यात उभे ठेवा, आडवे ठेवले तर तडकतात. खोक्यावर ब्लॉक क्रमांक लिहा आणि त्यांची नोंद संघटनेच्या जडवस्तू नोंदवहीत करा. भिंतीच्या उजव्या टोकाला क्लॅम्पची जागा मोकळी सोडून तेवढ्या भागावर साधा बेसाल्ट लावा. पहिल्या महायुद्धातल्या त्या अकरांपैकी ज्यांचे पुरावे नंतर सापडतील, त्यांनाही हेच फलक लागणार आहेत. स्टेन्सिलची पीडीएफ, अक्षराचं माप आणि रंगाचा शेड क्रमांक त्याच खोक्यात प्लास्टिकच्या पाकिटात घाला, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या.